कुसुदाकाका आणि खिडकीतली बरणी

कुसुदा हेइसाकु आमच्या शाळेचे शिपाई होते. एकतीस वर्षं. मुलं त्यांना शिपाईकाका म्हणायची, आणि त्या मुलांचे आईबापही, कारण तेही त्याच शाळेत शिकले होते. मी शेजारच्या स्वयंपाकघरात सतरा वर्षं मुलांचं जेवण रांधलं, आणि त्यांना आदरानं कुसुदासान म्हणायचे. त्यांची बॉयलरची खोली आणि माझा भाताचा हंडा यांच्यामध्ये एकच भिंत. तेव्हा मी सांगतेय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं त्यांच्या बायकोनं, नोबुएनं सांगितलेलं.

आमचं तोचिउरा म्हणजे बिवा तळ्याच्या उत्तर टोकाचं, डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये चेपून बसलेलं गाव. अशा गावात दुरुस्तीची दुकानं नसतात, म्हणून कुसुदासान होते. बिजागरी, छत्रीची काडी, मुलाच्या बुटाचा पट्टा, माझ्या हंड्याचा कान. मोडलेली वस्तू दिसली की आधी त्यांचे हात पोचायचे, मग ते. बोलणं मात्र कमी. "झालं," एवढंच म्हणून वस्तू परत द्यायचे.

चौथीच्या निवाबाईंनी एका मे महिन्यात मुलांना बरण्या करायला लावल्या. वर्गात अकरा मुलं. प्रत्येकानं घरून उमे नावाच्या आंबट फळाची दारू मुरवायची काचेची बरणी आणली, बहुतेकांची लाल झाकणाची. शाळेखालच्या काठावरून वाळू, थोडा चिखल, तळ्याचं पाणी, पाण्यातलं झुपकेदार गवत, दोन गोगलगाई आणि प्रत्येकी तीन झिंगे. बोटाच्या पेराएवढे, आरपार दिसणारे. नेमकं त्या दुपारी मी जेवणात झिंगे घालून सोयाबीन शिजवलं होतं. एक मुलगी वाटीत बघत म्हणाली, "मावशी, हे आपल्या बरणीतलेच का?" निम्म्या वर्गानं जेवण टाकलं.

झाकणं घट्ट बसेनात म्हणून निवाबाईंनी कुसुदासानना बोलावलं. त्यांनी मेणबत्त्या वितळवून अकराच्या अकरा झाकणं कडेनं मेणानं बंद केली. वरून कापडी पट्टी गुंडाळली.

"आता हवा कुठून जाणार आत?" त्यांनी विचारलं.

"जाणारच नाही," बाई म्हणाल्या. "ऊन जाईल. उन्हावर गवत हवा तयार करील, झिंगे ती घेतील, झिंग्यांच्या घाणीवर गवत वाढेल. आता कुणी उघडायचं नाही. फक्त बघायचं."

कुसुदासाननी मान हलवली. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, हंड्याजवळ उभे राहिले, आणि म्हणाले, "मिकामीसान, बंद खोलीत कोंडून ठेवलेलं जगतं कसं?"

"मला विचारू नका," मी म्हटलं, "मी तर झिंगे शिजवते."

जुलैपर्यंत बहुतेक बरण्यांची वाट लागली. दोन फुटल्या. तीन मुलांनी धीर न धरवून उघडल्या. काहींचा वास सुटला, काही सुट्टी लागताना मुलं घरी घेऊन गेली. विज्ञानाच्या खोलीच्या खिडकीत एकच उरली. नावाची चिठ्ठी ओलीनं गळून पडलेली.

त्याच वर्गात ओकुमोतो चिहारु होती. तिचा बाप गेन्झो, मासेमार. शाळेच्या खिडकीतून खाली बघितलं की धक्का दिसायचा आणि धक्क्याला गेन्झोची निळी होडी. नवराबायकोचं पटलं नाही, आई मुलीला घेऊन ओसाकाला माहेरी निघाली. शेवटच्या दिवशी कुसुदासान त्या खोलीत खिडकीच्या कड्यांना तेल घालत होते. चिहारु आली, खिडकीपाशी उभी राहिली.

"शिपाईकाका, मी उद्या जाणार."

"हो का."

"इकडे बघाल ना? रोज नाही. मधूनमधून."

त्यांनी ती बघत होती तिकडे बघितलं. समोर बरणी.

"बघतो," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

तिनं वाकून नमस्कार केला आणि पळाली. हे मला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, कपाळाला आठ्या घालून. "बघा म्हणाली. म्हणजे सांभाळायचं की नुसतं बघायचं?"

"त्यात फरक काय?"

"सांभाळायचं तर काहीतरी करावं लागेल ना. आणि बाई म्हणतात करायचं काही नाही."

शब्द दिला तो दिला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेआठला फाटक लावून झालं की ते विज्ञानाच्या खोलीत जायचे. शाळेच्या कामाची एक नोंदवही त्यांच्याकडे असायची: हवामान, बॉयलर, नळ. त्यात खाली एक ओळ बरणीची सुरू झाली. झिंगे तीन. गवत हिरवं. पाणी किती स्वच्छ आहे ते कसं लिहायचं, हे त्यांना समजेना. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं उपाय काढला. बरणीच्या मागे डोकं न्यायचं आणि काचेतून खाली धक्क्याकडे बघायचं. निळी होडी दिसली तर लिहायचं 'होडी दिसते'. नाहीतर 'होडी अंधुक', नाहीतर 'होडी दिसत नाही'.

सप्टेंबरात एक दिवस ते धावत स्वयंपाकघरात आले. मी कांदा चिरत होते.

"चला. मोजायला या. माझे डोळे बिघडलेत."

मी गेले. बरणीत तीन मोठे झिंगे आणि पापणीच्या केसाएवढे दुसरे, उड्या मारणारे. बारके तेवढे आम्ही दोघांनी वेगवेगळे मोजले. माझे नऊ, त्यांचे अकरा.

"तीन होते," ते म्हणाले. "मेण मी लावलंय. कुठून आले?"

"पोरं झाली असतील."

"बंद झाकणात?"

"त्याला झाकण कशाला उघडावं लागतं, कुसुदासान?"

त्यांचे कान लाल झाले. त्या दिवशी वहीत त्यांनी लिहिलं: 'झिंगे बारा किंवा चौदा. कारण समजलं.'

पण हिवाळ्यात ते कमी होत गेले. मेलेला झिंगा सकाळी तळाशी दिसायचा आणि चौथ्या दिवशी तिथे काहीच नसायचं, टरफलसुद्धा. फेब्रुवारीत एकही उरला नाही. मार्चमध्ये पाणी चहासारखं झालं आणि वहीत वीस दिवस 'होडी दिसत नाही'. कुसुदासान जेवेनात. त्यांना वाटलं, थंडी म्हणून आपण बरणी शेगडीकडे चार बोटं सरकवली, तिथेच चुकलं. निवाबाईंची तोवर दुसऱ्या शाळेत बदली झाली होती. कुसुदासाननी कचेरीतून बाईंना फोन लावला. मी तिथेच होते, डब्यांचा हिशोब द्यायला गेलेली.

"बाई, सगळे गेले. उघडू का?... नाही?... थोडं ताजं पाणी?... बरं... मग मी काय करू?... काही नाही? म्हणजे किती दिवस काही करायचं नाही?"

पलीकडून बाई काय म्हणाल्या कोण जाणे. ते फोन ठेवून बराच वेळ हाताकडे बघत बसले.

एप्रिलच्या शेवटी पाणी आपोआप निवळलं. झिंगे नव्हते, पण गोगलगाई आठ झाल्या होत्या. त्याचं कारण त्यांना समजलं नाही. पाणी निवळल्याचंही नाही. बिघडलेलं काही त्यांच्या हातांशिवाय सुधारलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असावं. आनंद व्हायला हवा होता, पण ते उलट अस्वस्थच दिसले. मला म्हणाले, "मी बघत होतो म्हणून झालं, की मी नसतो तरी झालं असतं?"

चार वर्षांनी शाळाच बंद झाली. शेवटच्या वर्षी सहा मुलं उरली होती. मार्चमध्ये सामानाची मोजदाद झाली. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी: हलवायची, द्यायची, टाकायची. मुख्याध्यापक आशिदा स्वतः यादी घेऊन फिरत होते आणि मागून आम्ही.

"ही बरणी?" आशिदासरांनी विचारलं.

"ती आहे," कुसुदासान म्हणाले.

"आहे ते दिसतंय. कशात धरायची? उपकरण?"

"उपकरण नाही. जिवंत आहे."

"मग प्राण्यांच्या यादीत. किती नग?"

"आज गोगलगाई चौदा. पण पांढरे ठिपके आहेत, हलणारे, ते मोजता येत नाहीत."

आशिदासरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुसुदासान, न मोजता येणारे प्राणी मी कागदावर कसे घालू? सशांच्या पिंजऱ्याला रकाना आहे. ठिपक्यांना नाही."

"मग घालू नका."

"घातलं नाही तर ती इथे नाही. आणि नसलेली वस्तू मी टाकू कशी?"

शेवटी मीच म्हटलं, "सर, नसलेली वस्तू कुणी घरी नेली तर कुणाला कळणार आहे?" आशिदासर खिडकीबाहेर बघायला लागले, आणि कुसुदासान बरणी कापडात गुंडाळून निघाले. रस्त्यानं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत होते. लोकांना वाटलं, अस्थिकलश आहे. दोघातिघांनी वाकून नमस्कारही केला.

त्यांचं घर धक्क्याच्या वरच्या बाजूला. माडीवरच्या खिडकीतून तोच धक्का दिसायचा, जरा तिरका. बरणी तिथे गेली आणि वहीही. नोबुएची जीभ तिखट. मला म्हणायची, "ताई, एकतीस वर्षं या माणसाची वाट बघितली, निवृत्त झाला की घरात बसेल, दोन शब्द बोलेल. तर हा वर जाऊन बरणीशी बसतो. सवतसुद्धा तोंड उघडते. हिचं झाकण बंद!" पण सफाई करताना बरणी तिनं कधी हलवली नाही. एकदा काका तापानं पडले तेव्हा त्या दिवसांच्या नोंदी तिच्या अक्षरात आहेत. 'गोगलगाई: खूप. होडी दिसते. पेज खाल्ली.' शेवटचं काकांबद्दल.

अशी वर्षं गेली. बरणी कधी हिरवीगार, कधी तपकिरी, एकदा तर आठवडाभर काळी. गोगलगाई एक वर्ष अजिबात नव्हत्या आणि पुढच्या पावसाळ्यात पाच. काका रोज बघायचे आणि रोज त्यांना थोडं कमी समजायचं. हे त्यांचेच शब्द. "आधी मला वाटायचं, वर्षभर बघितलं की कळेल. आता वाटतं, पहिल्या वर्षीच जास्त कळत होतं."

गेल्या जानेवारीत ओकुमोतो गेन्झो आपल्याच घराच्या पायरीवर कोसळला. अर्धांगाचा झटका. पडला पहाटे, सापडला दुसऱ्या दिवशी दुपारी, टपालवालीला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलण्याचा काला झाला. त्याला पलीकडच्या गावातल्या शुश्रूषागृहात ठेवलं.

जूनमध्ये गावात बातमी आली की चिहारु येणार आहे, बापाचं घर आवरायला. मला ती सोसायटीच्या दुकानात कळली आणि मी सरळ काकांच्या घरी गेले. वाटलं, नऊ वर्षांचा शब्द पुरा होतोय, खूश होतील. काका ऐकून पांढरे पडले.

"झिंगे नाहीत," ते म्हणाले.

"काय?"

"तिनं तीन झिंगे ठेवले होते. आता एकही नाही. काय दाखवू?"

दुसऱ्या दिवशी ते जाळी घेऊन ओढ्यात उतरले. त्र्याहत्तराव्या वर्षी, गुडघाभर पाण्यात. नोबुएनं मला बोलावून आणलं, "तुम्ही सांगा, माझं ऐकत नाहीत." आम्ही वर गेलो तर एका वाडग्यात तीन झिंगे, समोर बरणी, हातात चाकू.

"अहो, फसवणार त्या पोरीला?" नोबुए म्हणाली.

"फसवत नाही. भरून देतोय."

"तिला काय ओळखू येणार आहेत झिंगे चेहऱ्यावरून!"

"म्हणूनच," काका म्हणाले. आणि चाकू मेणात घातला.

करंगळीएवढं मेण निघालं. मग त्यांचा हात थांबला. मी त्यांना अवघड दरवाजे उखडताना पाहिलंय, हात कधी थांबला नव्हता. खोलीत नुसता वाडग्यातल्या पाण्याचा टपटप आवाज, झिंगे उडत होते. काका म्हणाले, "नऊ वर्षं आत काही गेलं नाही. माझ्यामुळे आता..." आणि चाकू खाली ठेवला. नोबुए खाली गेली आणि मेणबत्ती घेऊन आली. त्यांनी काढलेलं मेण पुन्हा भरलं. झिंगे मी घरी जाताना ओढ्यात सोडले.

चिहारु रविवारी आली. रीतीप्रमाणे शेजारीपाजारी गोडाचा डबा देत, बापाला सांभाळून घेतल्याबद्दल आभार मानत फिरत होती. एकोणीस वर्षांची, उंच, बोलण्यात ओसाकाची लकब. केस कापायच्या दुकानात काम शिकत होती. काकांच्या दारात आली तेव्हा मीही तिथेच होते, खरं सांगायचं तर मुद्दाम.

चहा झाला. काका नमस्कार करून रिकामा कप हातात फिरवत बसले. शेवटी नोबुएनं कोपरानं ढोसलं, "दाखवा ना."

आम्ही सगळे माडीवर गेलो. काका बरणीशेजारी गुडघे टेकून बसले.

"झिंगे राहिले नाहीत," ते म्हणाले. "मला माफ कर. पहिल्याच हिवाळ्यात गेले. गवत आहे. गोगलगाई अकरा आहेत."

चिहारुनं बरणीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

"तुझी बरणी. चौथीतली. निवाबाईंची."

"माझी नाही, काका."

"तूच सांगितलं होतंस. बघाल ना म्हणून."

"माझी बरणी तर मी जायच्या आदल्या दिवशी धक्क्यावर उघडली. झिंगे सोडून दिले पाण्यात. आई म्हणाली, गाडीत सांडेल." ती आठवत थांबली. "ती पिवळ्या झाकणाची होती. आमच्याकडे लाल मिळालं नव्हतं."

मी त्या बरणीकडे बघितलं. नऊ वर्षं, आणि कुणाची ते कुणाला माहीत नाही.

"मग तू मला काय बघायला सांगितलंस?" काकांचा आवाज अगदी लहान झाला होता. "खिडकीत उभी होतीस. इकडे बघाल ना, म्हणालीस."

चिहारुचं तोंड हळूहळू बदललं. "खिडकीत... त्या खिडकीतून बाबांची होडी दिसायची," ती म्हणाली. "मी बहुतेक बाबांबद्दल बोलत होते. ते एकटे राहणार होते ना. नक्की नाही आठवत. मी दहा वर्षांची होते."

काकांनी दोन्ही तळहात चटईवर ठेवले आणि तसेच वाकून राहिले. नोबुएनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मी नाही बघितलं त्याच्याकडे," काका खालीच बघत म्हणाले. "रस्त्यात भेटला की मान हलवायचो. मासे घ्यायचो. बस."

मी विषय बदलायचा म्हणून काहीतरी बडबडले. वह्या पुढे केल्या. म्हटलं, "बघ तरी यांनी काय काय लिहून ठेवलंय." मला वाटलं, पोरगी हसेल. ती उघडून वाचायला लागली. गोगलगाई, गवत, ऊन. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"होडी दिसते. ही कुठली होडी?"

काकांनी समजावून सांगितलं. पाणी किती स्वच्छ ते कळावं म्हणून. निळी होडी.

"बाबांची?"

"दुसरी निळी नव्हतीच."

तिनं पान उलटलं, मग आणखी एक. मग वही घेऊन बरणीपाशी गेली, काचेमागे डोकं नेलं आणि बाहेर बघितलं. धक्क्याला आता निळी होडी नव्हती.

"या दिवशी," तिनं विचारलं, "ऑक्टोबर बारा. होडी दिसत नाही. बाबा पाण्यात गेले होते, की बरणी गढूळ होती?"

काकांनी वही हातात घेतली. लांब धरली, जवळ धरली. "माहीत नाही."

"आणि हे? चार दिवस दिसत नाही."

"तेव्हा... गढूळच असेल. की मुसळधार पाऊस होता? मी लिहिलं नाही. मला वाटलं, मला आठवेल."

"आणि दिसते असं लिहिलंय तेव्हा बाबा जाऊन परत आलेले असायचे, की गेलेलेच नसायचे?"

मला माहीत होतं ते काय विचार करतायत, कारण मीही तेच मोजत होते. जानेवारीतले ते दोन दिवस. ती वही त्यांनी आपणच पुढे ओढली आणि पान काढून तिच्यासमोर ठेवलं. दोन्ही दिवशी त्यांच्या सरळ अक्षरात: 'होडी दिसते. पाणी काचेसारखं.' गेन्झो तेव्हा पायरीवर पडलेला होता, तिथून दीडशे पावलांवर.

चिहारुनं ते वाचलं. रडेल असं वाटलं होतं, पण ती बराच वेळ बोटानं ओळीखाली रेघ ओढत राहिली, शाळेतल्या मुलीसारखी.

"आईनं मला नऊ वर्षांत एकदाही सांगितलं नाही बाबा कसे आहेत," ती म्हणाली. "मीही विचारलं नाही. आणि इथे रोज लिहिलंय. म्हणजे लिहिलंय का नाही तेच कळत नाही." ती थोडं हसली, ते हसणंही नीट नव्हतं. "या वह्या मी नेऊ का, काका?"

"त्यात काही कळत नाही," काका म्हणाले.

"असू दे."

नऊ वह्या तिनं पाठीवरच्या पिशवीत भरल्या. मिठाईच्या डब्यांची जागा रिकामी झालीच होती.

त्यानंतर आठवडाभर काका माडीवर गेले नाहीत. नोबुए घाबरली. आठव्या दिवशी सकाळी ते बरणी कापडात गुंडाळून बसनं निघाले, आणि नोबुएनं मला सोबत धाडलं, "कुठेतरी तळ्यात टाकून स्वतःही पडतील." पण ते शुश्रूषागृहाच्या थांब्यावर उतरले.

गेन्झो चाकाच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. काकांना त्यानं ओळखलं की नाही, सांगता येत नाही. "दादा," म्हणाला. त्याला मोठा भाऊ नव्हता. काकांनी बरणी समोरच्या टेबलावर ठेवली.

"कुठलं पाणी?" गेन्झोनं विचारलं. एवढं मात्र स्पष्ट.

"आपलंच. शाळेखालचं."

गेन्झोनं डावा हात काचेवर ठेवला. मग कान लावला. मग वैतागून म्हणाला, "हे... हे... पुढून." पुढचा शब्द त्याला सापडेना. तो हातवारे करत राहिला आणि काका घाईघाईनं बरणी इकडे फिरव, तिकडे फिरव. नर्सबाई आल्या, त्यांना वाटलं गेन्झोला पाणी प्यायचंय. त्यांनी पेला आणला. गेन्झो आणखी चिडला. शेवटी त्यानं डाव्या मनगटानं बरणी ढकलली. काकांनी ती वरच्यावर झेलली.

"हलव," गेन्झो म्हणाला. "काही दिसत नाही."

खिडकीबाहेर एक वाहनतळ होता आणि त्यापलीकडे तळ्याची पातळ पट्टी. काकांनी बरणी खाली जमिनीवर ठेवली, आपली खुर्ची गेन्झोच्या शेजारी ओढली आणि बसले. पुढचा तासभर दोघांनी त्या पट्टीकडे बघितलं. मध्येच गेन्झो एखादा शब्द बोलायचा, वारा, जाळं, शिवी. काका म्हणायचे, "हं."

परतताना बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "मिकामीसान, मी आता जातोय ते त्याच्यासाठी, की माझ्यासाठी?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काहीच कळत नाही," ते म्हणाले. आणि गुरुवारी पुन्हा गेले.

तेव्हापासून दर गुरुवारी जातात. गेन्झोची दाढी करतात, त्याचा चष्मा दुरुस्त केला, खुर्चीचं कुरकुरणारं चाक तर पहिल्याच महिन्यात नीट केलं. बरणी घरीच असते. अजून बंद आहे. वही नवी घातली नाही. रोज सकाळी वर जातात, खाली येतात, नोबुए विचारते, "काय म्हणते?" ते म्हणतात, "आहे."

नवीन वर्षाला चिहारु आली आणि दोन दिवस कुसुदांकडेच उतरली. शुश्रूषागृहाकडून परवानगी काढून तिनं बापाचे केस कापले, तिथल्याच न्हाणीघरात, आणि मग काकांना म्हणाली, "तुम्हीही बसा." काका नको नको म्हणत बसले. तिचं शिक्षण अजून पुरं झालं नव्हतं. एका बाजूनं जास्त गेले, ते सारखे करायला दुसऱ्या बाजूनं गेले, मग पुन्हा पहिल्या. गेन्झो बघत होता आणि त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती. काका घरी आले ते टोपी घालूनच. नोबुएनं टोपी ओढून काढली, हात कमरेवर ठेवून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे आता मेणानं तरी चिकटवता येणार आहे का?" आणि ती बोलत असतानाच काकांनी आरशासमोर डोकं इकडून तिकडे वळवत मला विचारलं, "खरंच इतकं वाईट दिसतंय?" मी म्हटलं, "हो."